आधी एक काम उचला : बँकेच्या शाखेत ताणाखालच्या सहकाऱ्याला सोबत कशी करायची

नोव्हेंबर २०१६, नोटाबंदीचा दुसरा आठवडा. आमच्या तालुक्याच्या शाखेत सकाळी आठला लागलेली रांग दुपार उलटली तरी शटरबाहेर वळसा घालून उभीच असायची. कॅश काउंटरवर अण्णा होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि नोटा मोजण्यात इतके तयार, की मशीनच्या आधी त्यांचा आकडा यायचा. त्या आठवड्यात सलग दोन दिवस त्यांची कॅश कमी भरली. दोन्ही वेळा त्यांनी खिशातून पैसे घातले, रजिस्टरवर सही केली आणि काही न बोलता निघाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अण्णा, टेन्शन घेऊ नका, होईल सगळं ठीक."

तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. रक्तदाब वाढल्यामुळे त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "अरे, शेवटचा तासभर कुणी शेजारी बसून मोजायला असतं, तरी निभावलं असतं." मी त्या दोन्ही संध्याकाळी चार हातांवर बसलो होतो, माझं काम संपलेलं होतं आणि मी मोबाइल बघत होतो. हे आठवलं की अजूनही मन खातं.

शाखेत नव्याने रुजू झालेल्या आणि पहिल्यांदाच शाखेचा चार्ज घेतलेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. इतक्या वर्षांत काय केल्याने माणसाला खरंच हलकं वाटलं आणि कशाने उलट झालं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : बदल टिपा

मार्चअखेरीला सगळेच थकलेले असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन रात्री नीट झोप झाली की पुन्हा रुळावर येतात. त्याची फार काळजी नको. माणूस त्याच्या नेहमीच्या वागण्यापासून ढळला आणि दोन आठवडे झाले तरी पूर्ववत झाला नाही, तर मात्र लक्ष घाला. यात दुसऱ्याशी तुलना कामाची नाही, त्या माणसाची त्याच्याशीच करायची. मुळात मितभाषी असलेला गप्प असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. पण रोज डब्यातली चटणी सगळ्यांना वाढणाऱ्या मॅडम आठवडाभर "भूक नाही" म्हणून जागेवरच बसून राहिल्या, तर काहीतरी बिनसलंय.

शाखेत या गोष्टी कामातूनच दिसतात. कधी न चुकणाऱ्याच्या हातून रोज एखादी एन्ट्री उलटवावी लागते. कॅश जुळल्यावरही कुणी तिसऱ्यांदा मोजत बसतं. दर सोमवारी पोट दुखतं. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाल्यावरही कुणी उगाच थांबून राहतं, कारण घरी जाण्याचंही बळ उरलेलं नसतं. साध्या पासबुकाच्या प्रश्नावर कुणी ग्राहकावर डाफरतं. आणि हे सगळ्यात आधी शिपाईमामांना कळतं. त्यांच्याशी रोज दोन शब्द बोलत चला. चुगली काढून घेण्यासाठी नाही, पण "मॅडम आज पण चहा न पिता ठेवला" एवढं त्यांनी आपणहून सांगावं इतकी ओळख असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आहे, ती आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत : त्राण संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी दिसली की आपल्याला दया येते. दुसरीला मात्र आपण 'ॲटिट्यूड' म्हणतो आणि त्या माणसाला बाजूला टाकतो. तिरकस बोलणारा, प्रत्येक परिपत्रकावर "काही उपयोग नाही" म्हणणारा सहकारी वर्षभरापूर्वीही असाच होता का, हे एकदा आठवून बघा.

पायरी २ : विचारा, पण जागा बघून

केबिनमध्ये बोलावू नका. आपल्या केबिनला काच असते. आत गेलेला माणूस मेमो घेऊन बाहेर आला की डोळे पुसत आला, हे अख्खी शाखा बघते. जेवणाच्या टेबलावरही नको. चालता चालता विचारा : टपरीपर्यंत, स्टँडपर्यंत, गाडी लावलेल्या जागेपर्यंत. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

विचारायचं काय? जे दिसलं तेच. "साहेब, गेल्या आठवड्यापासून तुम्ही डबा खायला येत नाही. काही त्रास आहे का?" बरोबरीच्या मित्राला, "तू हल्ली रोज साडेआठपर्यंत थांबतोस. काय चाललंय?" एवढं बोलून थांबा. पुढचं वाक्य समोरच्याचं. "तुला डिप्रेशन आलंय" असलं निदान आपण करायचं नाही.

बहुतेकदा उत्तर येतं, "काही नाही, ठीक आहे." त्यावर उलटतपासणी नको. "बरं. मी परवा परत विचारीन" म्हणा आणि परवा खरंच विचारा. माझा अनुभव असा, की माणूस दुसऱ्या खेपेला बोलतो. पहिल्या खेपेला तो आपण गंमत म्हणून विचारतोय की मनापासून, हे चाचपून बघत असतो.

कोणी विचारायचं हेही ठरवावं लागतं. तुम्ही मॅनेजर आणि समोरची मुलगी वर्षभरापूर्वी लागलेली असेल, तर तिच्या जवळच्या सहकारी मॅडमनी विचारलेलं बरं. वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर माणूस "मला जमत नाहीये" हे चटकन म्हणत नाही.

पायरी ३ : ऐकताना

तोडगा सुचला तरी पहिली दहा मिनिटं गिळून टाका. "आमच्या वेळी तर लेजर हाताने लिहायचो" नको. "घरचं घरी ठेवावं" नको. "योगा कर, पहाटे उठ" हेही नको. योग चांगलाच आहे, पण ज्याला रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही त्याला पहाटे पाचचा सल्ला टोचतो. "अजून काही?" हा प्रश्न मात्र कधीच वाया जात नाही.

ऐकलेलं शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, घरी किंवा संघटनेतल्या मित्राकडे जाता कामा नये. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तर. त्याबद्दल पुढे सांगतो.

बोलण्यातून वरिष्ठाचा किंवा सहकाऱ्याचा लैंगिक त्रास समोर आला, तर तो नुसता ऐकून घेण्याचा विषय राहत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते आणि ती साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. ही मुदत तिला त्याच दिवशी सांगा. तक्रार करायची की नाही, तो निर्णय तिचा.

पायरी ४ : एक काम उचला

या लेखातली ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सहकाऱ्याबरोबर एक कागद घेऊन बसा. त्याच्या डोक्यावर आत्ता काय काय आहे ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. थकलेल्या डोक्यात सगळी कामं सारखीच मोठी दिसतात. कागदावर उतरली की त्यातली किती आजची आहेत, किती पुढच्या आठवड्यावर ढकलता येतात आणि कोणती दुसऱ्या कुणाला देता येतात, हे दिसायला लागतं. मग त्यातलं एक काम, एकच, तुम्ही स्वतः घ्या किंवा दुसऱ्याला द्या. "काही लागलं तर सांग" म्हणू नका. ताणाखालचा माणूस सांगत नाही, त्याला मागणंही ओझं वाटतं. "लॉकरचं रजिस्टर या महिन्यात मी बघतो" असं ठरवून टाका, आणि तारीख घाला.

२०२४च्या जुलै-ऑगस्टची गोष्ट. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात येणार होते आणि त्यासाठी खातं आधारला जोडलेलं हवं होतं. गावोगावच्या बायका पहाटेच्या एसटीने येऊन शाखेच्या पायरीवर बसायच्या. केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख-कागदपत्रं तपासण्याच्या, काउंटरवर आमचा एक तरुण अधिकारी होता, बिहारहून आलेला, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. कामाला वाघ, पण मराठी कामापुरतीच. "माझं आदार लिंक न्हाई म्हनत्यात, मंग पैसं कसं येनार?" असं एकाच वेळी आठ जणी विचारायच्या आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. एका दुपारी तो रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या रॅकला टेकून रडताना सापडला.

त्या संध्याकाळी आम्ही चार गोष्टी केल्या. दारातच टेबल टाकून टोकन सुरू केलं आणि तिथे गावातल्या बँक मित्राला, म्हणजे बँकेच्या वतीने गावात सेवा देणाऱ्याला, बसवलं. कागद अपुरे असतील तर तिथेच कळायला लागलं, त्यामुळे दोन तास रांगेत उभं राहून परत जाण्याची बायकांची पाळी टळली आणि काउंटरवरचा निम्मा राग ओसरला. दुसरं, त्या काउंटरवर कुणीही सलग दीड तासाच्या वर बसायचं नाही, मी धरून. तिसरं, आमच्या क्लार्क मॅडमनी त्याला वहीत वीस वाक्यं लिहून दिली : "मावशी, अंगठा नीट ठेवा", "तुमचं काम झालं", "हा कागद उद्या आणा". चौथं, रविवारी तो कुणा ना कुणाच्या घरी जेवायला. तालुक्याच्या गावात एका खोलीत राहणाऱ्या, मेसचं खाऊन कंटाळलेल्या मुलाला घरच्या वरण-भाताचा किती आधार असतो हे आपण विसरतो. त्या वर्षी छठपूजेची त्याची रजा मी दिवाळीच्या रजांच्या आधी मंजूर केली. आपल्याला गणपतीला गावी जायचं असतं, तसंच त्याचंही असणार.

तुमच्या शाखेतही महाराष्ट्राबाहेरून आलेलं कुणी असेल. भाषेचा ताण तो स्वतःहून बोलून दाखवणार नाही, कारण त्याला ती स्वतःची उणीव वाटते.

आता रोजच्या मांडणीतल्या गोष्टी. कॅश बंद करताना गर्दीच्या दिवशी दुसरा माणूस शेजारी हवा. अण्णांपासून हा नियम मी मोडलेला नाही. जेवणाच्या वेळा लावून द्या, म्हणजे काउंटरही चालू राहतं आणि प्रत्येकाला वीस मिनिटं तरी डबा उघडता येतो. ग्राहक आवाज चढवायला लागला की मॅनेजरने केबिनमधून उठून काउंटरवर यायचं, आणि ग्राहकासमोर आपल्या माणसाला बोलायचं नाही. चूक असेल तर ती नंतर, एकट्यात. यासाठी वरची मंजुरी लागत नाही.

रजेचं म्हणाल, तर ज्यांना ती सगळ्यात जास्त हवी असते तेच मागत नाहीत. "माझ्यामुळे बाकीच्यांवर लोड येईल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा वेळी त्यांच्या जागी कोण बसणार ते आधी ठरवा, मग त्यांच्याकडे जा. इथे एक नियमही मदतीला येतो. संवेदनशील जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाच्या दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१च्या सूचनेत सांगितलं आहे. त्या काळात अंतर्गत ईमेल सोडला तर कामाच्या कुठल्याही यंत्रणेला हात लावू द्यायचा नाही. नियमाचा हेतू गैरव्यवहार उघडकीस यावेत हा आहे. पण दहा दिवस शाखेचा फोन न वाजणं म्हणजे काय, हे त्या रजेवरून परतलेल्या माणसाला विचारा. ही रजा कागदोपत्री दाखवून त्याला घरून काम करायला लावू नका.

पायरी ५ : वरून येणारा दाब (शाखाप्रमुखांसाठी)

टार्गेट कमी करणं आपल्या हातात नाही, हे मान्य. संध्याकाळी सहाची व्हीसी (वरिष्ठांबरोबरची व्हिडिओ बैठक), विम्याच्या पॉलिसींचा 'लॉगिन डे' (पॉलिसींचे अर्ज भरण्यासाठी ठरवलेला दिवस), थकीत कर्जांची यादी हे चालूच राहणार. पण व्हीसीत आपण ऐकलेला सूर शाखेत जसाच्या तसा पुढे द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे. व्हीसी संपल्यावर लगेच मीटिंग घेऊ नका. रात्र जाऊ द्या. सकाळी शाखेचा एकत्र आकडा सांगा. नावांची उतरती यादी ग्रुपवर टाकू नका. शेवटच्या नावाचा माणूस ती यादी रात्री झोपताना पुन्हा उघडून बघतो. रात्री आठनंतर ग्रुपवर मेसेज नाही, हे पहिल्या दिवशीच जाहीर करा आणि स्वतः पाळा. मॅनेजरने एकदा रात्री अकराला "उद्या सकाळी बघा" लिहिलं की तो नियम संपला.

माणसं कमी असतील तर ते लेखी कळवत राहा. महिन्याला एक छोटा ईमेल : किती काउंटर, किती माणसं, रोजचे व्यवहार किती, कोणतं काम मागे पडलंय. उत्तर आलं नाही तरी पाठवा. पुढे चूक झाली तर तोच कागद तुमच्या माणसाला वाचवतो.

उशिरापर्यंत बसण्याचं कौतुक तर करूच नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मिळून मांडलेला निष्कर्ष असा, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ असे पाच दिवस धरले तर ५५ तास तिथेच होतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शनिवारचे तास वेगळेच.

पायरी ६ : डॉक्टरची वेळ ओळखा

काम हलकं केलं, रजा झाली, तरी झोप नाही, जेवण नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, छातीत धडधडतं, दारू वाढली आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" हे ऐकावं लागेल. माझं उत्तर असतं, "झोपेच्या तक्रारीसाठी दाखवू, मी सोबत येतो." सोबत जा. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या. पहिल्यांदा त्या दवाखान्याची पायरी चढणं हेच अवघड असतं. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते, आणि राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक सूचना फलकावर लावा, आणि डबा खायच्या खोलीतही. फलकासमोर उभं राहून तो टिपून घ्यायला लोक संकोचतात.

"मी नसलो तरी काय बिघडणार", "सगळं संपवून टाकावंसं वाटतं" असं काही कानावर आलं, किंवा कुणी अचानक हिशेब मिटवायला आणि निरोपासारखं बोलायला लागलं, तर सरळ विचारा : "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी स्पष्ट बोललं याने माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका. स्वतःला इजा करता येईल असं काही जवळ असेल तर ते दूर करा, घरच्यांना बोलवा, १४४१६ला फोन लावा, तातडीचं असेल तर ११२. त्या क्षणी "कुणाला सांगणार नाही" हे वचन पाळायचं नसतं, आणि तसं त्याला तोंडावर सांगा : "हे मी एकट्याजवळ ठेवणार नाही, तुमच्या घरी कळवतोय."

पोलीस केस होईल या भीतीने लोक गोष्टी लपवतात. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, त्याच्या कलम ११५नुसार धरलं जातं आणि तिला त्या प्रयत्नासाठी शिक्षा करता येत नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा रुग्णाचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही विमा संरक्षण असावं अशी तरतूद आहे. खर्चाचं कारण पुढे आलं तर पॉलिसीचा कागद काढून सोबत वाचा.

पायरी ७ : परत आल्यावर

महिनाभराच्या रजेनंतर माणूस शाखेत पाऊल टाकतो तो दिवस रजेवर जाण्याच्या दिवसाइतकाच नाजूक. आदल्या दिवशी फोन करून विचारा, "बाकीच्यांना काय सांगायचं?" तो म्हणेल तेवढंच सांगा. "तब्येत बरी नव्हती" पुरे. टेबलावर महिनाभराचा ढीग रचून ठेवू नका, आदल्या संध्याकाळी तो वाटून टाका. पहिले दोन आठवडे कॅश नको, वसुलीची फेरी नको, पॉलिसीचा आकडा नको. पण रिकामंही बसवू नका. आपल्यावाचून अडत नाही असं वाटणं त्या दिवसांत मनाला फार लागतं. एखादं स्वतंत्र, संध्याकाळी संपलेलं दिसेल असं काम द्या. सगळ्यांसमोर "आता बरं आहे ना?" विचारू नका. नेहमीसारखा चहा पुढे करा.

अण्णा डिसेंबरमध्ये परत आले तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ते थेट कॅश केबिनकडे निघाले. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पन्नासच्या नोटांची बंडलं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "हं, मोज."